राणीचा जाहीरनामा आणि तात्या टोपे: माफीची मुदत १ जानेवारी

व्हिक्टोरिया राणीचा १८५८चा जाहीरनामा आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो, तो धर्मात ढवळाढवळ न करण्याच्या वचनामुळे. त्यातली १८५७च्या बंडवाल्यांची माफी मात्र फारसं कुणी बारकाईने वाचत नाही. तात्या टोप्यांचा शेवट समजून घ्यायचा तर तीच वाचायला हवी.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादेत जाहीरनामा वाचला. इंग्रजांच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष हात होता त्यांना माफी नव्हती. खुनी माणसांना जाणूनबुजून आसरा देणारे आणि बंडाचे पुढारी यांना फक्त जिवाची हमी होती. बाकीच्यांनी हत्यार ठेवून घरी जावं, त्यांचं मागचं सगळं विसरलं जाईल. मुदत होती १ जानेवारी १८५९पर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने.

दिल्ली, लखनौ, झाशी, ग्वाल्हेर सगळं पडलं होतं, तरी अवध आणि मध्य हिंदुस्थानातल्या जंगलांत टोळ्या लढतच होत्या. फाशीच ठरलेली असेल तर माणूस शेवटपर्यंत लढणार, हे कॅनिंग ओळखून होता. अवधच्या बेगम हजरत महलने मात्र उलट जाहीरनामा काढून लोकांना बजावलं, की इंग्रज कुणाचा गुन्हा कधी माफ करत नाहीत. तिचा संशय मला रास्तच वाटतो. शरण आलेल्या बहादूरशहाच्या मुलांना दिल्लीच्या वेशीवर गोळ्या घातल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

त्याच सुमारास तात्या नर्मदा उतरून बैतूलकडे आले होते. मूळचा हा माणूस येवल्याचा. सोबत बांद्याचे नवाब अली बहादूर होते, बाजीराव-मस्तानीचे वंशज. नोव्हेंबरात नवाब छावणी सोडून इंग्रजांना शरण गेले. त्यांना पेन्शन मिळाली आणि इंदुरात ठेवण्यात आलं. तात्या लढत राहिले.

मुदत उलटली. ७ एप्रिलच्या रात्री पाडोणच्या जंगलात तात्यांचा साथी, नरवरचा राजा मानसिंग याने दगा देऊन झोपेतल्या तात्यांना पकडून दिलं. शिवपुरीच्या लष्करी कोर्टात आरोप होता तो सरकारविरुद्ध लढाई केल्याचा. खुनाचा आरोप नव्हताच. आपण धन्याचा, म्हणजे नानासाहेबांचा हुकूम पाळला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जाहीरनाम्याच्या भाषेत तात्या पुढारी ठरतात, खुनी नव्हेत. डिसेंबरअखेर हजर झाले असते तर निदान कागदावर तरी त्यांचा जीव वाचत होता. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना फाशी दिली.

त्याच एप्रिलात नेपाळच्या तराईतून नानासाहेबांचं पत्र आलं: सगळ्या हिंदुस्थानाचे गुन्हे माफ केलेत, मग मलाच का नाही? मी तर नाइलाजाने बंडात पडलो, बायकामुलांचा खून मी केलेला नाही. इंग्रज अधिकारी मेजर रिचर्डसनने उत्तर धाडलं, की बांद्याच्या नवाबाला मिळाल्या त्याच अटी तुम्हालाही खुल्या आहेत, बायकामुलांना मारलं नसेल तर बेधडक या.

मुदत तर जानेवारीतच संपली होती. नाना आले नाहीत.