चुना, जांभा आणि सिमेंट : बेळगाव भागातल्या घरांच्या आतल्या बाजूचा इतिहास

बेळगावात ‘इको-फ्रेंडली इंटीरियर’ म्हटलं की बांबूचे दिवे, मातीच्या रंगाचा टेक्स्चर पेंट आणि तागाचे पडदे पुढे येतात. भिंत कशाची आहे आणि पावसाळ्यात ती शोषलेलं पाणी कुठे टाकते, हे फारसं कुणी विचारत नाही. या भागातली जुनी घरं मात्र सगळी त्याच हिशेबाने बांधलेली आहेत, आणि नंतर ती बिघडली तीही तो हिशेब सुटल्यामुळेच.

पाऊस जिल्हाभर सारखा नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबी-आमगावकडे वर्षाला ३००० मि.मी.च्या वर पडतो, तर अथणीकडे ६०० च्या आसपास. त्यामुळे पश्चिमेला जांभ्याची भिंत आणि उतरतं कौलारू छप्पर, तर पूर्वेच्या काळ्या मातीत दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, अशी विभागणी झाली. सोपा (पुढची ओसरी), माजघर, मागे परडं ही मांडणी दोन्हीकडे साधारण तीच. फरक वरच्या छपराचा.

माळवद उन्हाळ्यात सुखाचं असतं, पण फार जड. तुळया आणि किलच्यांवर (तुळयांवरच्या बारीक लाकडी पट्ट्यांवर) फूटभर दाबलेली माती म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो. दर पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती घालायची तर आधी जुनी खरवडून काढायला हवी. ती न काढता थरावर थर चढले, म्हणून कितीतरी घरांच्या तुळया मध्येच वाकल्या. आज अशा घरात आतून फॉल्स सीलिंग मारून वाकलेली तुळई झाकतात. तसं करू नये: गळती आणि वाळवी दोन्ही दिसेनाशी होतात.

पश्चिमेला बदल आधी छपरात झाला. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात यंत्रावर दाबलेली कौलं काढायला सुरुवात केली. १८८० च्या दशकात रेल्वे बेळगावपर्यंत आली आणि जड माल दूरवर नेणं परवडू लागलं. पुढे खानापूरच्या मातीतूनही कौलं-विटांचा धंदा वाढला. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था खानापुरातच आहे. नळीची कौलं दरवर्षी चाळावी लागत. मंगळुरी कौलं एकमेकांत अडकतात, चौरस मीटरला साधारण पंधरा पुरतात आणि एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं.

जांभ्याचा चिरा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेवर घट्ट होतो. तो सच्छिद्र आहे. पाणी पितो आणि वाऱ्यावर सोडतो. म्हणून त्याची जोडणी मातीत किंवा चुन्यात, आणि आतून गिलावा चुन्याचा. कळीचा चुना पाण्यात भिजवून काही आठवडे मुरवायचा, मग वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळायचा. चुना नीट भिजला नाही तर राहिलेले खडे गिलाव्यात नंतर फुगतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी भिंतीवर फुटकुळ्या येऊन खळगे पडतात. असं झालं की दोष गवंड्याच्या हाताला दिला जातो, खरा दोष भिजवण्याच्या घाईचा असतो.

पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट निघू लागलं, तरी गावोगाव ते पोचलं स्वातंत्र्यानंतर, शेजारी बागलकोटात कारखाना झाल्यावर. नव्या आरसीसी घरांत त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते जुन्या चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला तेव्हा. जमिनीतून वर चढणारी ओल आधी भिंतीच्या तोंडावरून उडून जायची. सिमेंटने ती वाट बंद केली, ओल आणखी वर चढली आणि तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साचून त्याला ढकलू लागले. दोन-तीन फूट उंचीवर रंग फुगतो, पोपडे येतात, बोटाला पांढरी पूड लागते, तो हाच लोणा. त्यावर पुट्टी, प्लास्टिक पेंट, वर वॉटरप्रूफिंगचा हात असं दर दिवाळीला चालतं. उपाय उलट दिशेचा आहे. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट काढायचं, सांधे खरवडून एक मोसम भिंत उघडी सुकू द्यायची, मग गिलावा. चुना १ आणि वाळू ३, थर १०-१२ मि.मी.; भिंत आधी ओली करायची. वर खाचा पाडून आठवड्याने ३ मि.मी.चा बारीक हात. फार ओल असेल तर चुना १, सुरखी (विटेची पूड) १, वाळू २. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. पक्क्या भाजलेल्या कौलाच्या तुकड्यांची पूड नुसती भरताड होते. एम-सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) दगडाची पूड जास्त असली की गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात, तेव्हा ती धुऊन घ्यावी. पुढे आठ-पंधरा दिवस हलकं पाणी मारत राहायचं, कारण कोरड्या वाऱ्यात सुकलेला चुना घट्ट न होता भुरभुरतो. शेवटी रंगही चुन्याचाच, नाहीतर केलेलं सगळं फुकट. चुना भाजतानाही कार्बन डायॉक्साइड निघतोच, त्यातला काही भाग भिंत पुन्हा ओढून घेते. तेव्हा चुन्याला निर्दोष ठरवायचं कारण नाही. भिंत टिकते आणि दरवर्षीचा रंग वाचतो, एवढं पुरेसं आहे.

जमिनींत शेणाच्या सारवणानंतर शहाबादी फरशी आणि लाल कोबा (लाल ऑक्साइड मिसळलेल्या सिमेंटची जमीन) आला. कोब्यात ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर गेला की पृष्ठभाग कच्चा राहतो. चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घातल्या नाहीत तर तडे आपली वाट शोधतात. चांगला कोबा असेल तर तो उखडून व्हिट्रिफाइड टाइल बसवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र निघालं आणि दाबलेल्या मातीच्या ब्लॉकवर काम झालं. साधारण २३० × १९० × १०० मि.मी.चा ब्लॉक, सिमेंट सात टक्क्यांच्या आसपास, भट्टी नाही, तीन आठवडे पाणी. खानापूर-बेळगावकडच्या तांबड्या मातीला हे जमतं. अथणी-रायबागची काळी माती भिजली की फुगते, तिथे चुना मिसळल्याशिवाय किंवा दुसरी माती आणल्याशिवाय ब्लॉक फुटतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीकाठची मातीची घरं मोठ्या संख्येने पडली आणि मातीवरचा विश्वासच उडाला. पण मातीची भिंत कोसळते ती बूड भिजून. जोतं दगडाचं आणि पुराच्या रेषेच्या वर हवं. ते शक्य नसेल त्या गावात मातीचा आग्रह धरूच नये.

लाकडाचं गणित सरळ आहे. मोडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळत असेल तर नवीन बोर्ड (प्लायवूड, एमडीएफ) घेऊ नये. घ्यावाच लागला तर ई-वन किंवा ई-झिरो म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या दर्जाचा, कारण साध्या बोर्डाच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वर्षानुवर्षं झिरपतं आणि २००४ पासून ते कॅन्सरकारक पदार्थांत गणलं जातं. २०१७ मध्ये वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’तून वगळला गेला, त्यामुळे परड्यातला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. तो भुंग्यापासून वाचवायचा तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक अॅसिड, त्यात आठवडा-दोन आठवडे बांबू पूर्ण बुडवून ठेवायचा, आतल्या गाठी आधी सळईने फोडून. नाहीतर द्रव आत शिरत नाही आणि भुंगा लागतो. हे मीठ पावसात धुऊन जातं, म्हणून असा बांबू घरातच, पडवीबाहेर नाही.

जुनी दारं-खिडक्या पुन्हा वापरताना एक काळजी. रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) ठरली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइल पेंटवर कोरडं सँडपेपर मारू नये. पाणी लावून खरवडावं, खाली प्लास्टिक अंथरावं, आणि ते काम चालू असताना पोरांना घरात ठेवू नये.