हिरवं कार्ड आहे म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं हो

ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, आपल्याला हिरवं कार्ड आहे, मग तपासणी कशाला पाहिजे. कार्ड वेगळं आणि पाण्याचा रिपोर्ट वेगळा, हे किती वेळा सांगायचं?

कार्ड गावात सगळ्यांना माहितीये. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा जिल्हा परिषदेचं सर्वेक्षण होतं, धोका जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं कार्ड ग्रामपंचायतीला मिळतं. पण त्यात बघतात काय? विहिरीभोवती घाण आहे का, व्हॉल्व्ह गळतोय का, टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग) पावडर शिल्लक आहे का, गावात साथ आली होती का. म्हणजे बाहेरची घाण पाण्यात शिरायचा धोका किती, तेवढंच. पाण्यात आत्ता काय विरघळलंय ते बाटली लॅबला गेल्याशिवाय कळत नाही.

आणि खरा घोळ इथेच होतो. गॅस्ट्रो, काविळीचे जंतू बाहेरून शिरतात, तिथे कार्डाचा उपयोग आहे, मी कार्डाच्या विरोधात अजिबात नाही. पण फ्लोराईड खडकातूनच येतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे किनवट, या पट्ट्यात एका तांड्यावर मी स्वतः बघितलंय, हातपंपाचा ओटा नवाकोरा, सांडपाण्याला चर काढलेला, कुठे चिखल नाही, आणि पाणी भरायला आलेली आठवी-नववीतली पोरगी हसताना तोंडावर ओढणी धरत होती, कारण पुढच्या दातांवर फ्लोराईडचे तपकिरी पट्टे. दातांवर दिसतं ते तरी लक्षात येतं, हाडं आखडायला लागली की लोक वय झालं म्हणून सोडून देतात. परिसर कितीही झाडा, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. नायट्रेटचंही तसंच, युरिया, उकिरडा, शौचालयाचे खड्डे यातून जमिनीत मुरत मुरत बोअरपर्यंत जातं, चव नाही वास नाही, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि ते वरच्या दुधाच्या तान्ह्या बाळाला सगळ्यात घातक.

'उकळून प्या' या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. जंतू मरतात, बरोबर आहे, पण फ्लोराईड-नायट्रेट तसंच राहतं, उलट पाणी आटल्यामुळे थोडं वाढतंच. ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघतात त्याला, पिवळा रंग आला तरी त्यातून क्लोरीन आहे एवढंच कळतं.

तपासणी दोन प्रकारची, जैविक म्हणजे जंतूंची वर्षातून दोनदा, रासायनिक म्हणजे फ्लोराईड-नायट्रेटसारख्यांची एकदा. बाटल्याही वेगळ्या, रासायनिकची बाटली त्याच पाण्याने विसळून भरायची, जैविकची निर्जंतुक असते ती विसळायची नाही आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोचवायची. ग्रामपंचायतीत गेलात की कार्डाचा रंग विचारू नका, रासायनिक रिपोर्टचा कागद मागा आणि त्यात आपल्या बोअरच्या नावापुढचे फ्लोराईड आणि नायट्रेटचे आकडे स्वतः वाचा.