रताळ्यांची लावणी आणि चंद्राच्या रात्री

न्यूझीलंडमधल्या एखाद्या शाळेच्या मागच्या वाफ्यात उभे राहून मुले शुक्ल अष्टमीचा चंद्र वहीत काढतात, तेव्हा त्याची उजळलेली बाजू डावीकडे येते. आपल्याकडची मुले तोच चंद्र उजवीकडे उजळलेला काढतील. दक्षिण गोलार्धात चंद्र उत्तरेच्या आकाशातून जातो आणि त्याच्याकडे तोंड केले की पश्चिम डाव्या हाताला येते, एवढेच त्याचे कारण. पण ते पुस्तकातल्या आकृतीवरून कळत नाही, वर पाहिल्यावरच कळते, आणि न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांच्या ‘मारामाताका’ या चांद्र कालगणनेचे शिक्षण नेमके असे वर पाहण्यापासून सुरू होते.

‘मारामा’ म्हणजे चंद्र आणि ‘ताका’ म्हणजे फिरणे. आपण तिथींना क्रमांक दिले, माओरींनी महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला नाव दिले. अमावस्येच्या सुमाराची रात्र ‘फिरो’, पौर्णिमेची ‘राकाउनुई’. कृष्ण पक्षाच्या उत्तरार्धातल्या ‘तांगारोआ’ नावाच्या रात्री मासेमारीला आणि लावणीला अनुकूल मानल्या जातात. महिनाअखेरीकडची ‘ओरोंगोनुई’ ही रताळ्यांचा आणि शेतीचा देव असलेल्या रोंगोच्या नावाची रात्रही लावणीसाठी उत्तम समजली जाते. ‘कोरेकोरे’च्या रात्री मात्र काही हाती लागत नाही, कारण ‘कोरे’ म्हणजे ‘नाही’. आपल्या ‘कोरा’ शब्दाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग असला तरी मराठी माणसाला ते नाव एकदा ऐकले की विसरता येत नाही. ही नावे आणि त्यांचा क्रम प्रत्येक जमातीत थोडा वेगळा असतो, आणि मला यातच या परंपरेचे खरे मर्म दिसते.

माओरींचे पूर्वज सुमारे सातशे वर्षांपूर्वी उष्ण पॉलिनेशियन बेटांवरून होड्यांमधून आले. सोबत त्यांनी कालगणना आणली आणि ‘कूमारा’, म्हणजे मूळचे दक्षिण अमेरिकेतले रताळे, आणले. नव्या देशात हिवाळा होता, दहिवर पडत होते, आणि जुन्या बेटांवर बारमाही वाढणारा हा वेल इथे थंडीत मरत होता. मग मातीत वाळू आणि खडे मिसळून ती गरम ठेवणे, छोटे उंचवटे करून लावणी करणे, पुढच्या हंगामाचे बेणे जमिनीखालच्या खड्ड्यांत जपणे, अशा युक्त्या साधल्या गेल्या. कालगणनाही ठिकाणाठिकाणच्या हवामानाप्रमाणे जुळवून घ्यावी लागली. एका खोऱ्यातली लावणीची वेळ दुसऱ्या किनाऱ्यावर चालत नाही, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांनी आपापल्या रात्रींची यादी आपापल्या जमिनीवरून घडवली.

चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष ३५४ दिवसांचे भरते आणि सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी पडते, म्हणून नुसत्या चंद्रावर शेती चालत नाही. आपण अधिक मास घालतो. माओरींनी वर्षारंभ ‘मातारिकी’ म्हणजे आपल्या कृत्तिकांच्या पहाटेच्या उदयाशी बांधला, जो त्यांच्याकडे ऐन हिवाळ्यात येतो. २०२२ पासून त्यानिमित्त राष्ट्रीय सुटी असते, आणि पहिली २४ जून २०२२ रोजी झाली. रताळी काढण्याचा इशाराही एक ताराच देतो. ‘फानुई’, म्हणजे आपला अभिजित, साधारण मार्चमध्ये पहाटे उत्तर क्षितिजाजवळ दिसला की काढणी सुरू करायची. आपला शेतकरी मृगाची वाट पाहतो तेव्हा तोही खरे तर चंद्राची नव्हे, सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाची वाट पाहत असतो.

चंद्र रोपाला वाढवतो का, हा प्रश्न मुले विचारतातच, आणि तो टाळू नये. पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतका असतो. त्यावर अन्न तयार करणे पानाला शक्य नाही. समुद्राला भरती येते ती पृथ्वीच्या दोन टोकांवरच्या चंद्राच्या ओढीतल्या फरकामुळे, आणि हातभर उंचीच्या रोपात तो फरक नगण्य ठरतो. चंद्रकलांनुसार पेरल्याने पीक वाढते याचा विश्वासार्ह पुरावा आजवरच्या प्रयोगांतून मिळालेला नाही. प्राण्यांचे मात्र वेगळे आहे. न्यूझीलंडमधले ईल मासे शरद ऋतूतल्या काळोख्या, पावसाळी रात्रींत समुद्राकडे निघतात, त्यामुळे अंधाऱ्या रात्री त्यांना पकडण्याचा मारामाताकातला सल्ला निरीक्षणाला धरून आहे.

म्हणून शाळेच्या वाफ्यात परंपरा आणि तिची पडताळणी या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी शिकवाव्यात असे मला मनापासून वाटते. मुलांनी रोज रात्रीचे नाव, चंद्राची कला, पाऊस, मातीचे तापमान आणि फुललेले झाड वहीत लिहावे. शिवाय महिन्याभरात तयार होणारा मुळा ओरोंगोनुईला एका ओळीत आणि कोरेकोरेला दुसऱ्या ओळीत लावून, दोन्ही ओळी लावणीपासून तितक्याच दिवसांनी उपटून तोलाव्यात. एका महिन्याच्या तोलावरून काहीच ठरत नाही, कारण मधल्या चार-सहा दिवसांत पाऊस पडून गेलेला असू शकतो. हे मुलांना कळावे यासाठी हीच लावणी वर्षभर दर महिन्याला करावी, आणि आकडे कोणत्याही बाजूने आले तरी ते त्याच वहीत, त्या रात्रीच्या नावाखाली लिहून ठेवावेत.