स्कूबा सिलिंडर : तापमान आणि दाब

स्कूबा सिलिंडरचे, म्हणजे पाणबुड्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचे, घनफळ बदलत नाही. त्यामुळे आतली हवा तापली की दाब चढतो आणि निवली की उतरतो, मग हवेचा एक कणही आत-बाहेर गेलेला नसला तरी. गे-ल्युसॅक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नियमानुसार निरपेक्ष दाब हा निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असतो. म्हणून गणित करताना गेजवरच्या (दाबमापकावरच्या) आकड्यात वातावरणाच्या दाबाचा १ बार (बार हे दाबाचे एकक) आणि सेल्सिअसमध्ये २७३ मिळवावे लागतात. थेट सेल्सिअस वापरले तर २० चे ४० अंश झाल्यावर दाब दुप्पट निघेल, आणि डायव्हिंगच्या परीक्षेत नेमकी हीच चूक होते. व्यवहारात २०० बारच्या आसपास दर अंशाला ०.६ ते ०.७ बार धरतात. एवढ्या दाबाला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून थोडा अधिकच पडतो.

सर्वांत मोठा फटका बसतो तो भरताना. दाबली जाणारी हवा तापते, आणि घाईने भरलेला सिलिंडर हाताला चटका देण्याइतका गरम होतो. ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर ५५ अंशांना २०७ बारपर्यंत भरला आणि २७ अंशांच्या समुद्रात नेला, तर (२०८ × ३००) ÷ ३२८ = १९०, म्हणजे गेजवर १८९ बार. कमी पडलेले १८ बार म्हणजे सुमारे २०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्याला ती १० मीटर खोलीवर, जिथे दाब दुप्पट असल्याने हवाही दुप्पट लागते, पाच मिनिटे पुरली असती. ही हवा गळाली असे म्हणणे चुकीचे आहे; ती भरलीच गेली नव्हती. खरी गळती ओळखणे सोपे असते. निवल्यानंतरही काटा उतरतच राहतो, आणि व्हॉल्व्हच्या मानेला व ओ-रिंगला (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याला) साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात.

उपाय एकच, सावकाश भरणे : मिनिटाला २० ते ४० बार. नंतर सिलिंडर थंड होऊ द्यावा आणि उरलेला दाब मग भरावा. पाण्याच्या टाकीत ठेवून भरण्याची पद्धतही आहे, पण ती सावकाश भरण्याला पर्याय नाही, शिवाय ओला व्हॉल्व्ह जोडला तर पाणी आत जाते आणि गंज धरतो. सिलिंडरवर कोरलेला कार्यदाब (जिथवर तो भरायचा तो दाब) ठरावीक तापमानाचा असतो. युरोपात तो १५ अंशांचा, तर अमेरिकेत २१ अंशांचा धरतात.

तारकर्ली-मालवणच्या उन्हात होडीवर पडून राहिलेल्या सिलिंडरमध्ये उलट घडते. २८ अंशांना २०० बार असलेला सिलिंडर ५५ अंशांना २१८ बार दाखवतो. हा जास्तीचा आकडा पाहून डायव्हचा बेत वाढवू नये. पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच तो ओसरतो. सिलिंडर सावलीत किंवा ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. निव्वळ उन्हाने धड सिलिंडर फुटत नाही, कारण २०७ बारच्या अमेरिकी सिलिंडरचा चाचणीदाब ३४५ बार असतो आणि व्हॉल्व्हमधली बर्स्ट डिस्क (दाब फार चढला की फाटून हवा सोडणारी चकती) त्याच्या आसपास फाटते. जुनी, गंजलेली डिस्क मात्र त्याआधीच जाऊ शकते आणि सगळी हवा मोठ्या आवाजाने बाहेर पडते. आगीत सापडलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर वरून ठीक दिसला तरी कायमचा बाद करतात, कारण तापल्याने धातूला दिलेले बळ निघून जाते.