पार्कातले तंबू, नाटोचा खर्च आणि अमेरिकन उजव्यांचा जुना हिशोब

अमेरिकेतले उजवे लोक गरीब-श्रीमंत दरीवरच्या आंदोलनांबद्दल काय बोलतात ही एक बातमी असते, नाटो (अमेरिका-युरोपची लष्करी युती) आणि युक्रेनबद्दल काय बोलतात ही दुसरी, आणि आपल्याकडे दोन्हींवर वेगवेगळी चर्चा होते, एकीकडे "भांडवलदारांची माणसं" आणि दुसरीकडे "ट्रम्पचा लहरीपणा" एवढं म्हणून विषय संपतो. मला हे पटत नाही. दोन्ही मतांमागे एकच हिशोब आहे, पैसा कोणाच्या घामाचा आणि त्यावर जगतंय कोण. हा हिशोब ट्रम्पच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्यावरून उजव्यांमध्ये आपसातच मोठी भांडणं झालीयेत, ती माहीत असली की आजच्या बातम्या बऱ्याच सरळ वाचता येतात.

आधी आंदोलनांचं बघू. १९३२ साली मंदीने कंबरडं मोडलेलं असताना पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक बायकापोरांसकट वॉशिंग्टनला येऊन झोपड्या बांधून बसले. त्यांना १९२४ च्या कायद्याने बोनस कबूल झाला होता पण तो मिळणार होता १९४५ ला, आणि घरात खायला नाही म्हणून ते तो आत्ताच मागत होते. अमेरिकन संसदेच्या म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, हाऊसने, बिल पास केलं, वरच्या सभागृहाने, सिनेटने, फेटाळलं. राष्ट्राध्यक्ष हूवर रिपब्लिकन, त्यांचं म्हणणं की तिजोरी रिकामी आहे आणि या गर्दीत कम्युनिस्ट घुसलेत. २८ जुलैला जनरल मॅकआर्थर रणगाडे, घोडदळ आणि अश्रुधूर घेऊन गेले आणि झोपड्या पेटल्या. हूवर नोव्हेंबरची निवडणूक हरले. पण पुढे आलेल्या रूझवेल्टनीही बोनसच्या बिलावर नकाराधिकार वापरला होता आणि १९३६ ला काँग्रेसने तो डावलून पैसे दिले, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणजे "रस्त्यावर बसून मागणाऱ्याला तिजोरीतून देऊ नये" हा विचार फक्त उजव्यांचा होता असं नाही, त्यांनी तो पुढे आपली ओळख म्हणून जपला एवढंच.

नंतरच्या पन्नास वर्षांत या विचाराला तत्त्वज्ञान मिळालं. दरी असणं हा प्रश्नच नाही, वर चढायची शिडी शाबूत आहे की नाही हा प्रश्न आहे, आणि सरकारने वरच्याचं काढून खालच्याला दिलं की शिडीच मोडते, असा तो साधारण युक्तिवाद. रेगनच्या काळात सगळ्यात वरचा इन्कम टॅक्सचा दर ७० टक्क्यांवरून आधी ५० आणि मग १९८८ पर्यंत २८ वर आला. युक्तिवाद प्रामाणिक आहे, तो मानणारी माणसं मनापासून मानतात, त्यात लबाडी शोधायची गरज नाही. पण शिडी खरंच शाबूत आहे का याची तपासणी त्यांनी बरीच वर्षं केली नाही आणि ते त्यांना महागात पडलं.

कारण २००८ आलं. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक कोसळली, बुश सरकारने बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलर मागितले आणि २९ सप्टेंबरला हाऊसने ते बिल २२८ विरुद्ध २०५ ने पाडलं. विरोधातल्या २२८ मध्ये १३३ रिपब्लिकन होते, म्हणजे स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाच्या विरोधात. त्या दिवशी शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी पडला, सगळे घाबरले आणि ३ ऑक्टोबरला बिल पास होऊन सहीसुद्धा झाली. माझ्या मते आजच्या अमेरिकन उजव्या राजकारणाचा उगम या चार-पाच दिवसांत आहे. आयुष्यभर सांगितलं की जो धंद्यात बुडतो त्याने बुडायचं, सरकारकडे हात पसरायचा नाही, आणि पहिला हात पसरला तो वॉल स्ट्रीटनेच, आणि तो भरलाही गेला. गावातला छोटा दुकानदार, ट्रक चालवणारा, चर्चला जाणारा जो मतदार होता त्याने हे पाहिलं आणि तो विसरला नाही.

पण त्याचा राग आधी गेला खाली, वर नाही, हे फार महत्त्वाचं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी घरकर्ज थकलेल्यांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, टीव्हीवरचे बिझनेस पत्रकार रिक सँटेली शिकागोच्या ट्रेडिंग फ्लोअरवरून लाइव्ह ओरडले की शेजाऱ्याने ऐपत नसताना मोठं घर घेतलं तर त्याचे हप्ते मी का भरू, आणि टॅक्सविरुद्धच्या जुन्या बोस्टन टी पार्टीसारखी शिकागोत टी पार्टी करायची हाक दिली. त्यातून टी पार्टी उभी राहिली, १५ एप्रिलला म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी देशभर मोर्चे निघाले, २०१० ला रिपब्लिकनांनी हाऊसमध्ये ६३ जागा जास्त मिळवल्या. बेलआउटचा, म्हणजे सरकारी पैशाने बँका वाचवल्याचा, संताप होताच त्यात, पण बोट दाखवायला शेजारी सोपा असतो, बँक लांब असते.

म्हणून १७ सप्टेंबर २०११ ला न्यूयॉर्कच्या झुकॉटी पार्कमध्ये ऑक्युपाय वॉल स्ट्रीटचे तंबू पडले तेव्हा खरंतर गंमतच झाली होती, डावी पोरं आणि टी पार्टीवाले काका दोघंही बेलआउटवर चिडलेले होते, आणि तरी एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. व्हँकुव्हरच्या एका मासिकाने हाक दिली होती, घोषणा होती "आम्ही ९९ टक्के", आणि त्याच ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या बजेट ऑफिसचा रिपोर्ट आला की १९७९ ते २००७ मध्ये वरच्या १ टक्क्याचं टॅक्स भरल्यानंतरचं उत्पन्न महागाई धरून २७५ टक्क्यांनी वाढलं आणि सगळ्यात खालच्या २० टक्क्यांचं साधारण १८ टक्क्यांनी. आकडे समोर होते. उजव्या नेत्यांच्या प्रतिक्रिया बघा, पहिले तिघं तेव्हा रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते: हर्मन केन म्हणाले नोकरी नसेल, श्रीमंत नसाल तर स्वतःला दोष द्या, बँकांना नको. मिट रॉम्नींनी याला धोकादायक वर्गयुद्ध म्हटलं. न्यूट गिंग्रिच म्हणाले आधी अंघोळ करा आणि मग नोकरी शोधा. हाऊसमधले रिपब्लिकन नेते एरिक कँटर यांनी झुंडी वाढतायत म्हणून काळजी व्यक्त केली आणि नंतर जरा सूर मऊ केला. "आम्ही ५३ टक्के" अशी उलटी मोहीम निघाली, म्हणजे फेडरल इन्कम टॅक्स भरणारे आम्ही, उरलेल्यांचा भार वाहणारे. हा आकडा अर्धवट आहे, कारण उरलेल्यांपैकी बहुतेक जण पगारातून कापला जाणारा टॅक्स, सेल्स टॅक्स भरतातच. पण घोषणेमागची भावना खोटी नव्हती, तीन-तीन नोकऱ्या करून कोणाकडे काही न मागणारी माणसं त्यात फोटो टाकत होती आणि त्यांची टिंगल करणाऱ्या डाव्यांनी मोठी चूक केली असं मला वाटतं.

१५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी पार्क रिकामा केला. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. जून २०१४ मध्ये तेच एरिक कँटर, हाऊसमधले मेजॉरिटी लीडर, स्वतःच्या मतदारसंघात व्हर्जिनियात प्रायमरी, म्हणजे पक्षातल्या उमेदवारीची निवडणूक, हरले, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या डेव्ह ब्रॅट नावाच्या, फारसं कोणाला माहीत नसलेल्या प्राध्यापकाकडून. ब्रॅट इमिग्रेशनवर बोलत होते हे सगळ्यांनी छापलं, पण ते असंही बोलत होते की २००८ ला ज्यांनी घोळ घातला ते बँकवाले जेलमध्ये जायला हवे होते आणि ते कँटरच्या फोनबुकात आहेत. तंबूतल्या पोरांचं वाक्य उजव्या प्रोफेसरच्या तोंडी आलं होतं आणि मतदारांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता परदेशी दोस्तीचं. जॉर्ज वॉशिंग्टननी १७९६ च्या निरोपाच्या पत्रात कायमस्वरूपी युती टाळा असं लिहून ठेवलं आणि उजव्यांचा एक मोठा गट ते आजही शब्दशः मानतो. १९१९ ला सिनेटर लॉज यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी लीग ऑफ नेशन्स (पहिल्या महायुद्धानंतरचा राष्ट्रसंघ) अडवली, कारण काँग्रेसला न विचारता दुसऱ्याच्या युद्धात ओढलं जाण्याची भीती. १९४० ला दुसऱ्या महायुद्धात उतरू नका म्हणणारी अमेरिका फर्स्ट कमिटी निघाली ती पर्ल हार्बरनंतर बंद पडली.

पण खरा माणूस म्हणजे ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट. त्यांना लोक मिस्टर रिपब्लिकनच म्हणायचे. २१ जुलै १९४९ ला सिनेटने नाटो करार ८२ विरुद्ध १३ ने मंजूर केला आणि त्या १३ मध्ये टाफ्ट होते. त्यांचं म्हणणं की हा करार आपल्याला वीस वर्षं बांधून टाकतो, युरोपला हत्यारं आपल्या खर्चाने पुरवावी लागतील, आणि युद्ध करायचं की नाही हे काँग्रेसच्या हातातून निसटेल. त्यांच्यासमोर त्यांच्याच पक्षाचे मिशिगनचे सिनेटर व्हँडेनबर्ग होते, आधी टाफ्टसारखेच अलिप्ततावादी, युद्धात मत बदललेले, ज्यांच्याशिवाय नाटो झालंच नसतं. १९५१ ला युरोपात सैन्याच्या अजून चार डिव्हिजन पाठवायच्या की नाही यावर हीच मारामारी पुन्हा झाली, आणि नाटोचे पहिले सरसेनापती आयझेनहॉवर १९५२ ला राजकारणात उतरले त्याचं एक मोठं कारण टाफ्टला थांबवणं हेच होतं. टाफ्ट उमेदवारी हरले आणि साधारण वर्षभरात वारले. त्यांचा विचार मात्र वारला नाही, झाकला गेला, कारण कम्युनिझमची भीती सगळ्यांना एकत्र बांधून होती. उजव्या चळवळीचे पुढचे गुरू विल्यम बकली यांनी १९५२ लाच मोकळेपणाने लिहिलं होतं की रशियाचा धोका आहे तोवर मोठं सरकार आणि मोठे टॅक्स सहन करावे लागतील. तोवर, हा शब्द लक्षात ठेवायला हवा.

या दोस्तीच्या राजकारणाची झळ आपल्यालाही बसली होती. पोर्तुगाल हा नाटोच्या पहिल्या १२ देशांपैकी एक. ऑगस्ट १९५५ मध्ये गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये आयझेनहॉवर सरकारचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्री कुन्हा यांच्यासोबत निवेदन काढलं ज्यात गोवा वगैरेंना पोर्तुगालचे प्रांत म्हटलं, आणि पत्रकारांनी विचारल्यावर तेच पुन्हा सांगितलं. भारतात आगडोंब उसळला. ज्यांची माणसं बांदा, सावंतवाडीच्या बाजूने आत शिरून गोळ्या खात होती त्यांना अमेरिकन युती म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. हेच डलेस पुढच्या वर्षी अलिप्ततेला अनैतिक म्हणाले. अमेरिकन उजवे म्हणजे कायम जगापासून लांब राहणारे, असा समज असेल तर डलेस आठवावे, टाफ्ट आणि डलेस एकाच पक्षाचे.

१९९१ ला सोव्हिएत युनियन संपलं आणि बकलींचा "तोवर" पण संपला. लगेच १९९२ ला उजवे स्तंभलेखक पॅट ब्युकॅनन रिपब्लिकन उमेदवारीसाठी थोरल्या बुशविरुद्ध उभे राहिले, आखाती युद्धाला त्यांचा विरोध, जर्मनीत-जपानमध्ये सैन्य का ठेवलंय हा प्रश्न, आणि न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध ३७ टक्के मतं. १९९६ ला तर ते राज्य जिंकलेच. त्यांनी पहिल्यांदा दोन्ही बेरजा एका कागदावर मांडल्या: कारखाना बंद पडून मेक्सिकोला गेला तो तुमचा, आणि टॅक्समधून दुसऱ्याच्या सीमेवर पहारा होतोय तोही तुमच्याच पैशाने. पक्षाच्या मोठ्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. धाकट्या बुशनी निवडणुकीत नम्र परराष्ट्र धोरणाची भाषा केली, आणि ११ सप्टेंबरनंतर इराकमध्ये शिरले. नाटोचं कलम ५ (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला) आजवर एकदाच लागू झालंय आणि ते अमेरिकेच्या मदतीसाठी, हे मित्रदेशांना फुकटे म्हणणारे बहुतेक विसरतात.

तरी फुकटेपणाची तक्रार पोकळ नव्हती. जून २०११ मध्ये, झुकॉटीच्या तीन महिने आधी, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स, जे रिपब्लिकन होते आणि ओबामांकडे काम करत होते, ब्रसेल्समध्ये स्पष्ट बोलले की नाटोच्या एकूण संरक्षण खर्चात अमेरिकेचा वाटा ७५ टक्क्यांच्या वर गेलाय, लिबियावर बॉम्ब टाकता टाकता मित्रांचा दारूगोळा संपतोय आणि अमेरिकन करदाता हे कायम सहन करणार नाही. सोसायटीत चार घरं मेंटेनन्स भरतात आणि बाकीचे लिफ्ट वापरतात तसं झालं होतं. २०१४ ला वेल्सला सगळ्यांनी जीडीपीच्या २ टक्क्यांचं लक्ष्य कबूल केलं, सुरुवातीची काही वर्षं पाळलं थोड्यांनीच.

ट्रम्पनी २०१६ ला हे सगळं आयतं उचललं. साउथ कॅरोलायनाच्या डिबेटमध्ये इराक युद्ध खोट्यावर उभं होतं असं बुशच्या भावासमोर बोलले, आठवड्याने ते राज्य जिंकले. नाटो कालबाह्य, वॉल स्ट्रीट लुटारू, दोन्ही एकाच प्रचारात. निवडून आल्यावर डिसेंबर २०१७ ला कॉर्पोरेट टॅक्स ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. वॉल स्ट्रीटवरचा राग भाषणात राहिला.

त्यानंतर परदेशी बाजूने टाफ्टचा गट खरंच बलवान झाला. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की राष्ट्राध्यक्ष एकट्याच्या मर्जीने नाटोतून बाहेर पडू शकत नाही, आणि तो आणणाऱ्यांत रिपब्लिकन मार्को रुबियो होते. एप्रिल २०२४ ला युक्रेनच्या साधारण ६१ अब्ज डॉलरवर मतदान झालं तेव्हा हाऊसमधले १०१ रिपब्लिकन बाजूने आणि ११२ विरोधात. १९४९ ला सिनेटमध्ये टाफ्टसोबत मूठभर होते, आता हाऊसमधला अर्ध्याहून जास्त पक्ष. जून २०२५ ला हेगमध्ये मित्रदेशांनी २०३५ पर्यंत ५ टक्के कबूल केले, त्यातला ३.५ थेट संरक्षणावर आणि १.५ पूल, रस्ते, सायबर वगैरेवर. म्हणजे मेंटेनन्सची वसुली तरी चालू झाली.

घरातली वसुली मात्र तिथेच अडकलीये. २०२५ च्या वसंतात डावे सिनेटर बर्नी सँडर्स अतिश्रीमंतांविरुद्ध देशभर सभा घेत होते आणि त्याच वेळी उजवीकडून ट्रम्पचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन श्रीमंतांवर टॅक्स वाढवा म्हणत होते, खुद्द ट्रम्पनीही तसं बोलून पाहिलं. मिसूरीचे सिनेटर जॉश हॉली यांनी मे महिन्यात लेख लिहिला की गरिबांचं मेडिकेड (सरकारी आरोग्य योजना) कापणं चूक आहे, ही कामगारांची पार्टी आहे. १ जुलैला ट्रम्पचं टॅक्स आणि खर्चाचं मोठं बिल सिनेटमध्ये मतदानाला आलं, त्यात मेडिकेडची कपात होती आणि श्रीमंतांवर वाढीव दर नव्हता, आणि हॉलींनी बाजूने मत दिलं. दोनच आठवड्यांत त्यांनी त्यातली काही कपात मागे घ्यायचं वेगळं बिल मांडलं.