अंगकोर वाट आणि अंगकोर थॉम: सायकल कुठे लावायची, कुठे दामटायची

देवगडला परतलो तर काकांचा पहिला प्रश्न, "वाट बघलंस मा? मगे ता थॉम कित्याक व्हया?" त्यांना दोष देत नाही. आपल्या किनाऱ्यावर कुणकेश्वर, वेळणेश्वर, हरिहरेश्वर ही देवांचीच नावं गावांना. देऊळ कुठे संपतं आणि गाव कुठे सुरू होतं, कोण बघतो? कंबोडियात सायकल भाड्याने घेतलीत तर मात्र बघावं लागतं.

'अंगकोर' हे आपल्या 'नगर'चंच रूप. तिथल्या ख्मेर भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ (रस्ता नव्हे!) आणि 'थॉम' म्हणजे मोठं. थोडक्यात, वाट हे देऊळ आणि थॉम हे तटबंदीचं अख्खं शहर. देऊळ दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी उभारलं. शहर त्याच शतकाच्या अखेरीचं, सातव्या जयवर्म्याचं, आणि हा राजा बौद्ध. फोटोत चेहरेवाले मनोरे दिसले की ते थॉममधलं बायोन नावाचं देऊळ. कंबोडियाच्या झेंड्यावर आहे ते वाट.

वाटला सायकल बाहेर कुलूप लावून ठेवायची आणि 190 मीटर रुंद खंदक पायी ओलांडायचा. थॉममध्ये दक्षिण दरवाजातून सायकलसकट आत. शहराची एकेक बाजू 3 किलोमीटर, म्हणजे दरवाजापासून मधल्या बायोनपर्यंतच दीड किलोमीटर. पायी निघालात तर तिथेच घामाने निथळाल.

पण दरवाजात शिरण्याआधी उतराच. पुलाच्या एका कठड्याला 54 देव, दुसऱ्याला 54 असुर, सगळे नाग धरून ओढताहेत. समुद्रमंथन. मला आठवली ती रापण, आपल्याकडची किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी: दोन दोर, दोन रांगा, टाचा वाळूत रुतवून मागे रेललेली माणसं. वाटमध्येही मंथन आहे, पण पूर्वेकडच्या ओवरीत, भिंतीवर सुमारे 49 मीटर लांब कोरलेलं. ते निवांत उभं राहून बघायचं. थॉमचं मंथन गाड्या-टुकटुकांच्या गर्दीत अंग चोरून. मला तरी थॉमचंच जास्त आवडलं.

दरवाजाशेजारच्या तटावर हात ठेवला आणि हसूच आलं. जांभा! तीच भोकं, तोच गंजका रंग, कडेला शेवाळ. वाटमध्येही जांभा आहे, पण बराचसा वालुकाश्माच्या आड दडलेला.

क्रम म्हणाल तर बायोन सकाळी, वाट दुपारनंतर. बायोन पूर्वाभिमुख, वाट पश्चिमाभिमुख. वाटच्या सूर्योदयाला जी झुंबड उडते तिला दिसते ती मनोऱ्यांची काळी आकृती. कोरीवकामावर ऊन येतं ते दुपारी. आणि आतली शिल्पं क्रमाने बघायची तर उलटी प्रदक्षिणा घालावी लागते.

तिकीट दोन्हींना मिळून एकच, एका दिवसाचं 37 डॉलर. ते देवळाच्या दारात मिळत नाही. मी पहाटे तसाच वाटपर्यंत पोचलो आणि अंधारात पुन्हा सिएम रीप शहराकडच्या तिकीटघरापर्यंत पायडल मारत आलो. त्यात वाहतूक उजव्या बाजूने. वळताना दोनदा सवयीने डावीकडे गेलो.

काकांना तटाचा फोटो दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "ह्यो चिरो आमच्याच खाणीतलो मा?"