साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

भूगोल आणि नगररचना या विभागांत आरोग्याच्या विषमतेवर पीएच.डी. करता येते, त्यासाठी फेलोशिपही मिळते, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. आरोग्य म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण राहती जागा आणि आजार यांच्या नात्याचा शोध जुना आहे. मँचेस्टरमध्ये मजुरांच्या मृत्यूचं सरासरी वय १७, तर तिथल्याच उच्चवर्गीयांचं ३८, ही एडविन चॅडविक यांची आकडेवारी १८४२ची. मुंबईत मात्र हा प्रश्न ऐरणीवर आला तो प्लेगमुळे.

सप्टेंबर १८९६मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागातल्या रुग्णाचं प्लेगचं निदान केलं. १८९१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१मध्ये ७,७६,००६वर आली. परदेशी बंदरं मुंबईचा माल अडवू लागली आणि सरकार हादरलं. कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात किती माणसं दगावली याची मोजदाद सुरू झाली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अशी अक्षरं रंगवली गेली. शहराच्या आरोग्याचा हा नकाशा घरं पाडण्यासाठी तयार झाला होता, हे विसरून चालणार नाही. १८९८च्या कायद्याने शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी, असा हिशेब राहिला. बेघर झालेले लोक शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली दाटी वाढली.

तरी ट्रस्टच्या एका विचाराबद्दल मला आदर आहे. खोलीत उजेड-वारा यायचा असेल तर खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये, असा हा दंडक होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो हिरिरीने मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मध्ये मोकळी हवी.

घर आणि मृत्यू यांचा संबंध किती थेट होता, हे १९२१च्या बालमृत्यूंनी दाखवलं. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८००हून अधिक बालमृत्यू, तर चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत त्याच्या कितीतरी पट कमी. इथे भूगोल जाणणारा माणूस लागतो. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात, देशावर माहेरी जात. जन्माची नोंद गावात, आणि मूल मुंबईत येऊन दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे आकडा फुगलेला होता. पण एका खोलीतलं आणि चार खोल्यांतलं अंतर एवढ्याने पुसलं जात नाही.

१९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ इमारती बांधल्या. त्याच बीडीडी चाळी: १६० चौरस फुटांची एकेक खोली.

याच सुमारास मुंबई विद्यापीठात हा विषय शिकवणारं खातं उभं राहिलं. १९१९मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग आराखडा, आणि सरसकट पाडापाडीऐवजी लागेल तेवढीच शस्त्रक्रिया, ही त्यांची शिकवण. त्यांच्या शिफारशीवर विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये इंग्लंडला गेले, केंब्रिजहून पीएच.डी. होऊन परतले आणि १९२४पासून ते खातं त्यांनी सांभाळलं. त्याच्या आधी, १९१३मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले होते. त्यांचं कुटुंब परळला ट्रस्टच्याच चाळीत राहत होतं. शिष्यवृत्ती नसती तर त्या चाळीतून कोलंबिया फार लांब होतं.

आजच्या फेलोशिपकडे मी याच नजरेने पाहतो. जानेवारी २०२३पासून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, दरमहा ३७,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. अशा संशोधनात वस्तीवस्तीत वर्षानुवर्षं फिरावं लागतं. महिन्याचा खर्च भागत नसेल तर ते घरची ऐपत असलेल्यांनाच जमतं, आणि मग चाळीत वाढलेल्या मुलीला सुचणारा प्रश्न कोणी विचारतच नाही.

प्रश्न तर समोरच उभे आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही देवनारला, गोवंडीच्या वस्त्यांना लागून. तिथल्या पुनर्वसन वसाहतींत २२५ चौरस फुटांची घरं दिली गेली आणि सामासिक अंतरांत, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, भरपूर सवलत. नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात मजली इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. ट्रस्टच्या दंडकाने ते दहा मीटरच्या आसपास हवं होतं. काही वर्षांपूर्वी ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी तीन वसाहतींची तुलना केली. दाटीने बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयरोग जास्त आढळला, तुलनेने मोकळ्या तिसऱ्या वसाहतीत कमी. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचतच नव्हतं. या अभ्यासाला पैसा पुनर्वसनाचं काम पाहणाऱ्या एमएमआरडीएशी (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) संलग्न पर्यावरण संस्थेने दिला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता बीडीडी चाळींचे रहिवासी १६० चौरस फुटांतून ५००च्या घरात, चाळीस मजली मनोऱ्यांत जात आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये किल्ल्या मिळाल्या. नायगावचं आणि ना. म. जोशी मार्गाचं (जुना डिलाईल रोड) स्थलांतर अजून पुरं व्हायचं आहे. जुन्या खोलीतला खोकला, झोप, म्हाताऱ्यांचं चालणं-फिरणं आत्ता नोंदवलं, तरच नव्या घरातल्या नोंदींशी ते ताडून पाहता येईल. चाळ पाडल्यावर ती पहिली नोंद घ्यायला कुणालाही मागे जाता येणार नाही.